गल्ला हेच तारण

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावात तारणाचं कोडं मोठं विलक्षण आहे. जमीन असते, पण बँकेच्या लेखी तिचा उपयोग थोडा. 2006च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची मालकीची जमीनही सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. जमिनी हातच्या जाऊ नयेत म्हणून हे कायदे झाले, आणि ते हवेतच. पण जे जप्त करून विकता येत नाही, त्यावर कर्ज द्यायला बँक कचरते. मग किराणा दुकानात माल भरायला 20 हजार मागायचे कशाच्या जोरावर?

दुसरी अडचण खर्चाची. 20 लाखांच्या कर्जाला जी कागदपत्रं आणि तपासणी लागते, त्यातली बरीचशी 20 हजारांनाही लागते. व्याज मात्र शंभरावा हिस्सा. 2015मध्ये आलेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. तरी माणूस कोण आणि त्याचा धंदा कसा चालतो, हे बँकेला कळावंच लागतं.

यातला ‘कोण’ आधी सुटला, तोही महाराष्ट्रातल्या एका आदिवासी गावापासून. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज संमती दिली की ओळखीची पडताळणी क्षणात होते.

‘कसा’ सुटतोय तो काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमुळे. 2016मध्ये यूपीआय आलं आणि पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचीही तारीख, वेळ आणि रक्कम नोंदली जाऊ लागली. एकेक नोंद क्षुल्लक. पण वर्षभराच्या नोंदी ओळीने लावल्या की धंद्याची नाडी दिसते. आठवडे बाजाराच्या दिवशी गल्ला किती फुगतो, उधारी वसूल होते का, घाऊक व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर जातात का, याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

खरी कमाल पुढे आहे. ही माहिती दुकानदाराच्या बँकेत; कर्ज देणारी संस्था दुसरीच. दोघांमध्ये ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ नावाची कंपनी असते. रिझर्व्ह बँकेने 2016मध्ये तिचे नियम आखले आणि 2021मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. ही कंपनी माहिती पोचवते, पण वाचू शकत नाही! सीलबंद पाकीट नेणाऱ्या पोस्टमनसारखी. माहिती निघतानाच कुलूपबंद होते आणि किल्ली घेणाऱ्यापाशीच असते. कोणती माहिती, कोणाला, कशासाठी, किती काळ, हे दुकानदाराच्या संमतीत स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ती संमती मागेही घेता येते.

पण आकड्यांना गाव कळतंच असं नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला बाहेर पडतात. गिऱ्हाईकच गावात नसेल तर गल्ला आटणारच. शहरी दुकानांचे आकडे पाहून शिकलेलं संगणकी गणित याला धंदा बुडाल्याची खूण समजेल. खरं तर तो इथला दरवर्षीचा ऋतू आहे. त्यात डोंगराआड रेंज गेली की विक्री रोखीत होते आणि तिची नोंदच उरत नाही. म्हणून हप्तेही त्या ऋतूच्या हिशोबाने बांधायला हवेत, आणि गाव ओळखणारं माणूसही लागतंच.

इथे कर्ज हा शब्द सहज घ्यायचा नाही. मोखाडा ज्यात मोडत असे त्या जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली तरुण ‘लग्नगडी’ होऊन सावकाराकडे राबत. 1945च्या सुमारास कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली त्या वेठीविरुद्ध उठले. मोबाइलवरच्या कर्जांनीही काहींना छळलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने 2022मध्ये नियम घालून दिले: पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात, व्याज-शुल्कासह वर्षाचा खरा दर आधीच लेखी, आणि फोनमधल्या नंबरांना किंवा फोटोंना हात लावायचा नाही. पोशेऱ्यातल्या दुकानदाराने ‘मान्य आहे’चं बटण दाबण्याआधी तो दर वाचावा. त्याच्या रोजच्या विक्रीला आता बाजारात किंमत आहे, तेव्हा घासाघीस करण्याचा हक्कही त्याचा आहे.