डोळा कॅमेरा नव्हे

लहानपणी विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की समोरच्या भावाचा चेहराही धड ओळखू यायचा नाही. पाणी नितळ, डोळे ठणठणीत, तरी सगळं पुसट. ‘डोळा म्हणजे कॅमेरा, पुढे भिंग, मागे फिल्म’ हे शाळेत घोकलेलं होतं. पण भिंग काही पाण्यात विरघळलेलं नव्हतं. मग बिघडलं काय?

बिघडलं ते भिंगाच्या पुढे. प्रकाश वळवण्याचं मुख्य काम भिंग करतं, असं आपण धरून चालतो. डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर. त्यातली 40 हून अधिक एकट्या पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या त्या फुगीर, पारदर्शक कॉर्नियाची. हवेतून त्यात शिरताना प्रकाश चांगलाच वळतो. पाण्यातून शिरताना जवळजवळ सरळ जातो, कारण प्रकाशाच्या लेखी पाणी आणि पारपटल यांत फारसा फरक नाही. भिंगाकडे राहतं ते मुख्यतः जवळ-लांबचं जुळवून घेणं. मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशनात भिंग काढून टाकत आणि बदली काही बसवत नसत. तरी आजोबा त्या जाड काचांच्या चष्म्यातून पेपर वाचायचेच.

नेत्रदानाबद्दलचा गोंधळही इथलाच. अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बसवतात ते हे पारपटल. डोळ्यामागच्या नसेत 10 लाखांवर तंतू असतात. ते तोडून पुन्हा मेंदूशी जोडून दृष्टी आणणं अजून कोणाला जमलेलं नाही.

त्या नसेचा हिशेब मजेशीर आहे. मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी 12 कोटींच्या घरात, आणि मेंदूकडे निघणारे तंतू जेमतेम 10-12 लाख. जसंच्या तसं चित्र या वाटेनं जाणारच कसं? पडदा आधीच निवड करतो: कड कुठे आहे, उजेड कुठे बदलला, काय हललं. आणि ही नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. फ्रान्सच्या एड्म मारिओत यांनी ही आंधळी जागा 1660 च्या दशकात दाखवून दिली. तुम्हीही पाहू शकता. रेघी वहीच्या एका रेघेवर फुली काढा, त्याच रेघेवर उजवीकडे 8 सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फक्त फुलीकडे बघा आणि वही हळूहळू जवळ आणा. सुमारे 30 सेंटीमीटरवर ठिपका गडप होतो. खरी गंमत त्यापुढची. तिथे भोक दिसत नाही, काळा डाग दिसत नाही. रेघ मात्र अखंड दिसते. आजूबाजूला रेघ आहे, तर इथेही असणार, असं मेंदूनं परस्पर ठरवून टाकलं! विचारलंही नाही.

पडद्यावर प्रतिमा उलटी पडते हे केप्लरनं 1604 मध्येच मांडलं. त्यावरून ‘मेंदू ती सुलटी करून पाहतो’ असं सर्रास सांगतात. पण पाहणार कोण? डोक्यात दुसरा छोटा माणूस बसलेला नाही. मेंदूला मिळतात ते विजेचे संकेत, आणि कुठल्या संकेताला हात वर न्यायचा की खाली, हे तो अनुभवानं शिकतो. जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1890 च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं काही दिवस डोळ्यावर चढवली. सुरुवातीला प्रत्येक हालचाल चुकायची. काही दिवसांत तो बऱ्यापैकी वावरू लागला.

समोरचं सगळं एकाच वेळी स्पष्ट दिसतं, हाही भासच. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. जवळपास तेवढाच भाग खरा रेखीव. बाकीचं डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारून गोळा करतात. आरशात आधी आपला डावा डोळा बघा, मग उजवा. स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतील. उडीच्या क्षणीचं दृश्य मेंदू दाबून टाकतो.

‘तिरळा डोळा शुभ असतो, मोठेपणी आपोआप सरळ होईल’ ही समजूत मात्र महागात पडते. दोन डोळ्यांची दृश्यं जुळेनात की मेंदू एकाकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि त्या डोळ्यात दुसरा काही दोष नसला तरी त्याची नजर अधू होत जाते. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून अधू डोळ्याला कामाला लावायचं, तर ते लहानपणीच सर्वांत चांगलं साधतं.

याचा अर्थ पुढे दार कायमचं बंद होतं, असा नाही. एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये भारतातल्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया होतात. अशा 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांवरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दृष्टी आल्यावर लगेचच त्यांच्या हाती, न दाखवता, एक ठोकळा दिला. मग दोन ठोकळे समोर ठेवून विचारलं, मघाचा कोणता? त्यांची उत्तरं जवळपास अंदाजपंचेच होती. ठोकळ्यांतला फरक कळण्याइतपत त्यांना दिसत होतं. हाताला कळलेला कोपरा डोळ्याला कसा दिसतो, तेवढं शिकायचं राहिलं होतं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा बरीच उत्तरं बरोबर आली.