पुत्राच्या नावे सर्वांसाठी ठेवा

कलावस्तूंचा संग्रह हा श्रीमंतांचा छंद, अशी सर्वसाधारण समजूत असते. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय ती खोडून काढते.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. बालवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे सुमारे २०,००० वस्तू आहेत.

खासगी संग्रह पुढे वारसांत विभागला जातो किंवा विकला जातो. सार्वजनिक झालेला संग्रह एकत्र राहतो, त्याची नोंद व निगा होते आणि अनामिक कारागिरांचे कसब कोणालाही पाहता येते.

२०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या, मुळशीतील सूससारख्या गावांत जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. वाचकहो, आजीची समई मोडीत घालण्यापूर्वी ती कोणाची, कोठली, एवढे तरी लिहून ठेवावे, ही आमची विनंती.