ऐकण्यासाठी बांधलेली वास्तू

नेवासे तालुक्यातील दोन स्थाने आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. पहिले शनिशिंगणापूर. तेथे गाभारा नाही, शिखर नाही, देवाच्या डोक्यावर छप्परही नाही. उघड्या चौथऱ्यावर काळ्या पाषाणाची शिळा उभी आहे. तिजवर ऊन पडते, पाऊस पडतो आणि भाविक तेल वाहतात. दुसरे स्थान नेवाशाचा पैसाचा खांब. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. ज्या देवळाचा हा खांब, ते देऊळ गेले, खांब राहिला, पुढे त्या खांबाभोवतीच नवे मंदिर उभे राहिले.

या दोन स्थानांत एक भेद आहे. शिंगणापुरास माणूस दर्शनासाठी जातो. नेवाशास जे घडले ते मात्र श्रवणाचे होते. एकाने बोलावयाचे आणि दहांनी ऐकावयाचे, एवढ्यासाठी तेथे माणसे जमली होती. हा भेद मनात धरला म्हणजे आजचा आमचा विषय समजण्यास सोपा जाईल. आमचा विषय आहे मेथडिस्ट पंथाचे लंडनमधील मुख्य प्रार्थनामंदिर, सिटी रोडवरील वेस्ली चॅपेल. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा, टोकदार कमानी आणि आत लांबच लांब अंधारा मंडप उभा राहतो. वेस्ली चॅपेल तसे नाही, आणि ते तसे का नाही हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

जॉन वेस्ली यांचा जन्म 1703 सालचा. ते इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे दीक्षित धर्मोपदेशक होते व मरेपर्यंत त्यांनी ते चर्च सोडले नाही. परंतु त्यांच्या उत्साही उपदेशाला पुष्कळ चर्चांची दारे बंद झाली. तेव्हा 1739 साली ब्रिस्टल शहराजवळ कोळशाच्या खाणींतील मजुरांपुढे ते उघड्या माळावर उभे राहून बोलू लागले. ज्यांनी चर्चचा उंबरठा क्वचितच ओलांडला होता, अशी माणसे हजारोंनी जमू लागली. म्हणजे या पंथाचे पहिले मंदिरही बिनछपराचेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पण लंडनचा पाऊस आणि थंडी यांत बाराही महिने माळावर सभा कशी भरणार? त्याच 1739 साली वेस्लींनी लंडनच्या मूरफील्ड्स भागातील तोफा ओतण्याचा एक मोडकळीस आलेला कारखाना 115 पौंडांना घेतला आणि तो दुरुस्त करून तेथे सभा सुरू केल्या. लोक त्याला कारखाना, म्हणजे ‘फाउंड्री’, असेच म्हणत राहिले. तेथे उपदेश होई, गरिबांना औषध मिळे, मुलांची शाळा भरे. जवळजवळ चाळीस वर्षे हा संसार त्या जुन्या कारखान्यात चालला. त्या जागेचा भाडेपट्टा संपत आला तेव्हा नव्या इमारतीचा विचार सुरू झाला. 21 एप्रिल 1777 रोजी भर पावसात कोनशिला बसली आणि 1 नोव्हेंबर 1778 रोजी चॅपेल उघडले. वेस्लींचे वय तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते.

इमारतीचा आराखडा लंडन शहराचे वास्तुशास्त्रज्ञ जॉर्ज डान्स धाकटे यांचा मानला जातो. बांधकाम सॅम्युएल टूथ यांनी केले. ते स्वतः या पंथातील उपदेशक होते. बाहेरून पाहिले तर विटांची चौकोनी, दुमजली, नीटनेटकी इमारत. मनोरा नाही, आकाशात घुसणारे टोक नाही. समोरची खांबांची देवडी मागाहून जोडलेली आहे. आतील रंगीत काचाही नंतरच्या काळातील. मूळची वास्तू याहून साधी होती, आणि वेस्लींना ती तशीच हवी होती. ती नेटकी असावी पण थाटाची नसावी, असे त्यांचे मत होते.

आत गेल्यावर मात्र या साधेपणामागील हिशेब कळतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात माणसाचा आवाज किती दूर जाईल, या प्रश्नावर ही वास्तू उभारली आहे. लांबट मंडपात एका टोकाला बोललेले दुसऱ्या टोकाला नीट ऐकू जात नाही. म्हणून येथे दालन रुंद ठेवले आणि तीन बाजूंना सज्जा काढला. सज्ज्यामुळे दुप्पट माणसे बसतात, तरीही कोणी वक्त्यापासून फार दूर जात नाही. व्यासपीठ मध्यभागी व उंच ठेवले. मुळात ते तीन टप्प्यांचे होते. एकोणिसाव्या शतकात त्याची उंची कमी करण्यात आली. वक्त्याला खालचे व वरचे सर्व श्रोते दिसावेत आणि सर्वांना तो दिसावा, हा त्यातील हेतू. व्यासपीठाच्या मागे अर्धवर्तुळाकार भाग असून तेथे प्रभुभोजनाचे मेज आहे. पूर्वीच्या उपदेशगृहांत केवळ प्रवचन होई व संस्कारांसाठी लोकांना आपापल्या चर्चमध्ये जावे लागे. येथे शब्द आणि संस्कार या दोहोंची सोय एका छपराखाली केलेली होती.

बसण्याची व्यवस्थाही विचार करण्यासारखी आहे. त्या काळी इंग्लंडात श्रीमंत घराणी पैसे भरून चर्चमधील बाक आपल्या नावे राखून ठेवीत. गरिबांनी मागे उभे राहावे. वेस्लींनी येथे राखीव बाक ठेवू दिले नाहीत. जो आधी येईल तो पुढे बसेल. पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस, हा नियम मात्र त्यांनी कसोशीने पाळला. आपल्याकडील कीर्तनाची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कोणी कोठे उभे राहावे हा प्रश्न नुसत्या भिंती पाडल्याने सुटत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. शिंगणापूरच्या चौथऱ्याला भिंत नव्हती, तरी त्यावर चढण्याचा स्त्रियांचा मार्ग 2016 सालच्या एप्रिलमध्ये, मोठ्या वादानंतर व उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, मोकळा झाला. वास्तू आणि तिचे नियम यांचा विचार नेहमी एकत्रच करावा लागतो.

आता सज्जा तोलणाऱ्या खांबांकडे वळू. मूळचे खांब लाकडी होते. राजे तिसरे जॉर्ज यांनी डेप्टफर्डच्या गोदीतून जहाजांच्या डोलकाठ्या दिल्या आणि त्यांवर सज्जा उभा राहिला, असे सांगतात. वेस्ली 2 मार्च 1791 रोजी चॅपेललगतच्या आपल्या घरात वारले व चॅपेलच्या मागील आवारात त्यांचे दफन झाले. त्यास शंभर वर्षे झाली तेव्हा, 1891 साली, डोलकाठ्यांच्या जागी जास्पर नावाच्या रंगीत दगडाचे झळझळीत खांब बसविण्यात आले. परदेशांतील मेथडिस्ट मंडळ्यांनी त्यांसाठी देणग्या दिल्या होत्या. ज्या वास्तूचा थाटाशी वैर होते तिच्यात भक्तांनीच प्रेमाने थाट आणला. आपल्याकडेही साध्या समाधीवर संगमरवर चढतो, तो याच प्रेमापोटी. पण जुन्या डोलकाठ्या टाकून दिल्या नाहीत. त्यांतील काही प्रवेशदालनात ठेवलेल्या आहेत, हे विशेष.

चॅपेलसमोर रस्त्यापलीकडे बनहिल फील्ड्स नावाचे जुने दफनस्थान आहे. वेस्लींची आई सुझाना तेथे विसावली आहे, तसेच जॉन बन्यनही. बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिक क्रमण’ हे मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी 1841 साली केले. म्हणजे त्या रस्त्याशी मराठीचा धागा फार जुना आहे.

मेथडिस्ट पंथाशीही आपला संबंध जुनाच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरास 1831 साली सुरू झाले. ते मिशन मेथडिस्ट नव्हे, काँग्रिगेशनल पंथाचे. त्याच मिशनमधून जॉर्ज बोवेन 1848 साली मुंबईस आले. त्यांनी मिशनचा पगार सोडला, देशी वस्तीत अगदी थोडक्यात राहिले आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र अनेक वर्षे चालविले. 1871 साली विल्यम टेलर हे मेथडिस्ट उपदेशक मुंबईत आले, तेव्हा बोवेन त्यांना मिळाले. 1888 साली ते वारले. कुलाब्यातील मेथडिस्ट चर्च त्यांच्याच नावाचे आहे. इकडे नगरास कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजविली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ती आपल्या पदांनी व कीर्तनांनी समृद्ध केली. एक उभा, बाकीचे बसलेले, मध्ये टाळ आणि शब्द, ही मांडणी आमच्या लोकांना शिकवावी लागली नाही. व्यासपीठाभोवती बांधलेल्या चर्चमध्ये कीर्तन सहज सामावले, कारण दोन्हींचे प्रयोजन एकच होते.

वेस्ली चॅपेल आज इंग्लंडच्या वारसा वास्तूंच्या यादीत पहिल्या श्रेणीत आहे. 1879 साली आगीने तिचे छत गेले. ते मूळच्या नमुन्याबरहुकूम पुन्हा केले गेले. 1970 नंतरच्या दशकात इमारत धोकादायक झाली आणि मोठ्या दुरुस्तीवाचून गत्यंतर उरले नाही. देशोदेशींच्या मंडळ्यांनी पैसा उभा केला आणि 1 नोव्हेंबर 1978 रोजी, बरोबर दोनशे वर्षांनी, राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत ती पुन्हा उघडली. यादीत नाव असल्याने पाडण्याला आळा बसतो. परंतु छपराचे पैसे यादी देत नाही. ते देणारी माणसे होती, कारण तेथे उपासना चालू होती. आजही ती चालू आहे.

आम्हांस येथे एवढेच सुचवावयाचे आहे की, वास्तू जपताना ती कशासाठी बांधली हे आधी विचारावे. ऐकण्यासाठी बांधलेल्या वास्तूचे खांब बदलले, छत बदलले, काचा बदलल्या, तरी जोवर एकजण बोलतो व बाकीचे ऐकतात तोवर ती जिवंत आहे. उलट, दगड न् दगड जागेवर असून बैठक मोडली तर उरतो तो सांगाडा. नेवाशास एकच खांब उरला आणि तेवढ्यावर मंदिर उभे राहिले, ते तेथे बोलले गेलेले शब्द लोकांनी सोडले नाहीत म्हणून. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती बैठकही याच जातीची होती. आणि दर वैशाखात उन्हे उतरल्यावर सतरंजीवर येऊन बसणारे आपण सर्वजण तिचेच वारस आहोत.