पुरचुंडीतला ऑक्सिजन

चतुर्थीचा बाजार असो की पुनवेची फेरी, गोव्यातल्या पेडण्यात कापराचं पाकीट घेणाऱ्याला हल्ली त्याबरोबर एक वाक्य फुकट मिळतं: ‘उशाशी ठेवा, ऑक्सिजन वाढतो.’ गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी दिसली की विक्रेता पाकीट फोडून थेट नाकाशी धरतो. ‘हुंगून बघा काकी, मोकळं वाटतं की नाही?’ काकी हुंगतात. नाकातून कपाळापर्यंत गार झुळूक गेल्यासारखी वाटते आणि वाद तिथंच मिटतो. साक्ष प्रत्यक्ष नाकानं दिलेली असते. आता कोण कुणाला रसायनशास्त्र सांगणार?

कोजागिरीच्या रात्री भगवतीच्या देवळापुढं भरणाऱ्या पुनवेला भूतबाधा उतरते, अशी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्याच गावात हे एक वाक्य मात्र कुणाच्या डोक्यातून उतरायला तयार नाही.

ते फोफावलं एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत. कापूर, लवंग, ओवा आणि नीलगिरी तेलाचे दोन-चार थेंब फडक्यात बांधा, पुरचुंडी दिवसभर हुंगत राहा, शरीरातला ऑक्सिजन वाढेल, असा संदेश तेव्हा घराघरातल्या फोनवर आला. तो काळ आठवून पाहावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत रुग्ण दगावत होते आणि ऑक्सिजनचा पुरवठा का तुटतो, याची सुनावणी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढं चालू होती. घरात माणूस धापा टाकतोय, खाट मिळत नाही, सिलिंडर मिळत नाही, अशा वेळी ज्यानं पुरचुंडी बांधली त्याला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. राग येतो तो लाट ओसरल्यावरही तोच संदेश ‘प्राचीन शास्त्र’ म्हणून पाकिटांबरोबर खपवला जातो, याचा.

आता कापराकडे पाहू. त्याच्या एका रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असे अणू असतात. हा एकुलता एक ऑक्सिजन कार्बनला घट्ट बांधलेला असतो. कापूर उडून जातो तेव्हा हवेत अख्खा कापूरच पसरतो, त्यातला ऑक्सिजन सुटा होऊन फुप्फुसाला मिळत नाही. हवेत ऑक्सिजन आधीच सुमारे २१ टक्के असतो, पुरचुंडीनं त्यात तिळभर भर पडत नाही. कोविडमध्ये अडचण हवेची नव्हतीच. फुप्फुसातले वायुकोश सुजून, पाण्यानं भरून गेले होते आणि आत आलेला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचत नव्हता. तिथं लवंग काय करणार?

कापूर जाळल्यावर तर हिशेब उलटाच होतो. एक ग्रॅम कापूर पूर्ण जळायला जवळजवळ २.८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन लिटरांहून थोडा जास्तच. आरतीच्या वेळी दारं-खिडक्या उघड्या असतात, त्यामुळं कुणाचं बिघडत नाही. पण ‘कापूर जाळा, घरात ऑक्सिजन वाढवा’ हे म्हणणं म्हणजे ‘विहीर उपसा, पाणी वाढेल’ म्हणण्यासारखं आहे. शिवाय आरतीनंतर तबकावर जमलेली काजळी पाहिली, तर त्या धुरातून आणखी काय निघतं तेही कळतं.

मग नाकाला मोकळं का वाटतं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या बरो, एक्लिस आणि जोन्स या संशोधकांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना कापूर, नीलगिरी आणि मेंथॉल यांच्या वाफा हुंगायला देऊन नाकातून हवा जाताना होणारा अडथळा त्यांनी यंत्रानं मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला. बहुतेकांना मात्र नाकात गार वाटलं आणि हवा जास्त आत येतेय असं वाटलं. ही द्रव्यं नाकातले थंडी ओळखणारे चेतातंतू चाळवतात आणि गारवा जाणवला की मेंदू ‘हवा आली’ अशी नोंद करतो. पेपरमिंटची गोळी चघळून पाणी प्यायल्यावर ते बर्फासारखं लागतं, तसंच हे. पाणी काही थंड झालेलं नसतं.

‘पण आमच्या आबांचा ऑक्सिजनचा आकडा ९२ वरून ९५ वर गेलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला!’ हा पुढचा मुद्दा हमखास येतो. पाहिला असेलही. पुरचुंडी हुंगायची म्हणून आबा उठून ताठ बसले आणि त्यांनी खोल, सावकाश श्वास घेतले. एवढ्यानंही आकडा हलतो. त्यात बोटाला लावायच्या त्या यंत्रात दोनेक अंकांची चूक गृहीतच धरलेली असते. बोट गार असलं, नखाला रंग असला, हात थरथरला तरी आकडा बदलतो. पुरचुंडी दूर ठेवून आबांना तसंच ताठ बसवलं असतं, तर श्रेय कुणाला द्यायचं?

‘फायदा नसेल, पण नुकसान तरी काय?’ या वाक्यापाशी मात्र शांतपणे शिकवणाऱ्याचाही तोल जातो. कापूर पोटात गेला तर विष आहे. लहान मुलांना त्यानं झटके येतात आणि वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला एखादा ग्रॅमही जीवघेणा ठरल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणजे देव्हाऱ्याखाली राहून गेलेल्या दोन-चार वड्या. अशाच विषबाधांमुळं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कापराचं तेल बाजारातून काढलं आणि लावायच्या औषधांतही कापराला ११ टक्क्यांची मर्यादा घातली. मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. बंगळुरूच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतातल्या काही रुग्णालयांमध्ये चार वर्षं केलेली एक पाहणी २०२१ मध्ये ‘एपिलेप्सी रिसर्च’ या नियतकालिकात आली. झटके येऊन दाखल झालेल्या ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या झटक्यांचा संबंध सुगंधी तेलांशी लागला. त्यात मुख्य होते नीलगिरी आणि कापूर. यांतल्या अनेकांनी ते फक्त चोळलं किंवा हुंगलं होतं. ज्यांच्या घरी फेफऱ्याचा रुग्ण आहे, त्यांनी तरी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधणाऱ्या आजींनीही. दोन वर्षांखालच्या बाळाला कापराचा बाम चोळू नये, हे त्या बामच्या डबीवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं.

आयुर्वेदाला यात ओढण्याचंही कारण नाही. तिथं कापूर औषध आहे, पण गुंजेच्या मापानं मोजून द्यायचं औषध. पेडणे तालुक्यातच, धारगळला, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचं रुग्णालय आहे. ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या विमानतळाबरोबरच त्याचं उद्घाटन झालं. वैद्य इतका जवळ असताना उपचार फोनवरच्या संदेशाकडून घ्यावेत, हे त्या शास्त्रावरच्या प्रेमाचं लक्षण नक्कीच नव्हे.

यावर विक्रेत्याकडे शेवटचा हुकमी पत्ता असतो: ‘हा साधा नाही, भीमसेनी आहे.’ भीमसेनी म्हणजेच बरास हा मूळचा सुमात्रा-बोर्नियोच्या जंगलातल्या एका प्रचंड वृक्षाच्या खोडात सापडणारा पदार्थ. रसायन म्हणूनही तो वेगळा, त्याचं नाव बोर्निओल. चीन-जपानकडचा कापूर निराळ्या झाडाचा. हा फरक गोव्याला साडेचारशे वर्षांपासून ठाऊक आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात कापरावर एक संवाद आहे आणि बोर्नियोचा कापूर चिनी कापरापेक्षा कितीतरी पटींनी महाग, हेही नोंदलेलं आहे. (पणजीच्या उद्यानाला त्याचं नाव आहे. तो मेल्यावर इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली, हे उद्यानात बसणाऱ्या फार जणांना माहीत नसतं.)

तेव्हा जे सोन्याच्या तोलाचं होतं, ते आज फेरीत पाकिटापाकिटानं कसं मिळतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पूजेच्या पांढऱ्याशुभ्र वड्या आज बहुतेक कारखान्यात, पाइनच्या टर्पेंटाइनपासून बनतात. विसाव्या शतकाच्या आरंभी सेल्युलॉइडसाठी कापराला जगभर मागणी आली, झाडं पुरेनात, तेव्हा ही पद्धत रुळली. जुन्या सिनेमाच्या रिळांतही कापूर असे, हे वाचून कुणी रिळं हुंगू नयेत म्हणजे झालं. आणि तो खरा भीमसेनी असला तरी ऑक्सिजनच्या बाबतीत त्याची कथा तीच.

ऑक्सिजनचं दुसरं ठाणं म्हणजे अंगणातलं तुळशीवृंदावन. व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, जवळ आली, तुळशीशेजारी ऊस उभा राहिला, आवळ्या-चिंचेच्या डहाळ्या खोचल्या गेल्या की ‘तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते’ हा संदेश फिरू लागतो. कुठलीही हिरवी वनस्पती ऑक्सिजन सोडते ती उजेडात. रात्री ती आपल्यासारखाच श्वसनासाठी ऑक्सिजन घेते आणि तुळशीला यातून सूट नाही. कोरफड, निवडुंग अशा काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. माणसाला दिवसाला साधारण साडेपाचशे लिटर ऑक्सिजन लागतो. हातभर उंचीच्या रोपाकडून त्याची अपेक्षा करणं म्हणजे त्या माउलीवर अन्यायच. तिला हात जोडण्यासाठी ऑक्सिजनचं प्रमाणपत्र आजवर कुणी मागितलं नव्हतं.

‘तुळस ओझोन सोडते’ हे त्याचंच पुढचं पाऊल. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसाला जाळतो. तुळस तो खरंच सोडत असती तर वृंदावन अंगणात ठेवता आलं नसतं. ‘पानात पारा असतो म्हणून चावू नये’ हेही ऐकू येतं. पारा हे मूलद्रव्य आहे, ते कुठलीच वनस्पती स्वतः तयार करत नाही.

समज ऑक्सिजनपुरतेच नाहीत. केवड्याच्या वासाला नाग येतो, असं म्हणतात. नाग वास घेतो तो जिभेनं, आणि शोधतो उंदीर-बेडकांना. केवड्याचं काटेरी बन असतं खाडीकाठी, खाजनाच्या बांधाला. तिथं उंदीर-बेडूकही आहेत आणि लपायला जागाही. फूल नसतानाही नाग तिथंच असतो, फक्त तेव्हा कुणी केवडा काढायला जात नाही.

गवती चहाची कुंडी दारात ठेवली की डास येत नाहीत, हाही असाच समज. पान चुरडल्याशिवाय तेल बाहेर पडत नाही. त्याच्याच जातकुळीतल्या सिट्रोनेलाचं काढलेलं तेल अंगाला लावलं तरी त्याचा जोर टिकत नाही: २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत सिट्रोनेलाची मलमं वीस मिनिटंही पुरली नाहीत, तर सुमारे २४ टक्के डीट हे रसायन असलेलं औषध पाच तास पुरलं.

मांद्रे, हरमल, आश्वेच्या किनाऱ्यावर मसाजाच्या पाट्यांवर ‘अरोमाथेरपी’ आणि ‘पाच हजार वर्षं’ हे शब्द शेजारी-शेजारी नांदतात. सुगंधी द्रव्यं आपल्याकडे जुनीच, पण ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रेने-मोरिस गातफोसे या फ्रेंच अत्तर-रसायनज्ञानं रूढ केला आणि त्याचं त्या नावाचं पुस्तक १९३७ चं. बाटल्यांवर मराठीत ‘आवश्यक तेल’ असंही छापलेलं सापडतं. इथं ‘इसेन्शियल’ म्हणजे अर्क, गंधसार. आवश्यक त्यात काही नाही. मसाजानं बरं वाटतं, अंग सैलावतं, चांगल्या वासानं झोपही लागते. तेवढ्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ असं विचारणाऱ्यानं काजूच्या कच्च्या बियांचं तेल बोटाला लावून पाहावं. पेडण्यात ज्यांनी उन्हाळ्यात बिया भाजल्यात, त्यांना हे वाक्य पूर्ण करायची गरज नाही. आणि काजूवरूनच आठवलं: सर्दी झालेल्या बाळाच्या छातीला फेणी चोळायची चाल अजून आहे. फेणीत चाळीस टक्क्यांहून जास्त मद्यार्क असतो. तो बाळाच्या पातळ कातडीतून आणि श्वासावाटे आत जातो आणि त्यानं रक्तातली साखर घसरू शकते. फेणी मोठ्यांनीच घ्यावी, आणि तीही पेल्यातून.

राहिली दृष्ट. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असं समजतात. मिरची निखाऱ्यावर धुमसली तर तिखट द्रव्य वाफेनं उडतं आणि सगळं घर खोकतं. धगधगत्या ज्वाळेत पडली तर तेच द्रव्य जळून जातं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी सारख्याच दोन मुठी मिरच्या घ्याव्यात, कुणावरूनही न ओवाळता एक मूठ निखाऱ्यावर टाकावी आणि एक जाळात. खिडकी मात्र आधी उघडून ठेवावी.