शेततळ्यातील मरळ व कृत्रिम गांडुळाचा गळ

सांगोला तालुक्यात पाण्याचे मोल कोणास शिकवावे लागत नाही. सातारा जिल्ह्यात उगम पावून आटपाडी व सांगोला भागांतून वाहत जाणारी माण नदी अखेर भीमेस मिळते. परंतु वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. अशा मुलखात डाळिंबाची बाग उभी राहिली, ती ठिबक सिंचन व शेततळे यांच्या बळावर. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. आज या तालुक्यात बांधाबांधाने काळ्या कागदाची तळी दिसतात.

बागेसाठी साठविलेल्या याच पाण्यात मासे वाढवून जोडउत्पन्न मिळविता येते. मात्र बोटुकली सोडल्यानंतर काही महिन्यांनी एक अडचण अनेक ठिकाणी आढळून येते. खाद्य टाकले असता पूर्वी पाण्यावर जी खळबळ उडत असे, ती मंदावते. मेलेले मासे तरंगताना दिसत नाहीत. चोरीचीही शंका येत नाही. तळ्यात मरळ शिरली असल्यास असे घडते. तिचा बंदोबस्त कसा करावा, याचा विचार येथे केला आहे.

मरळ तळ्यात कशी येते

मरळ हा आपल्या नद्या, ओढे व तलाव यांतील मूळचा मासा आहे. अंग लांबट व गोल, डोके सापासारखे चपटे, तोंड मोठे व दात तीक्ष्ण. लहान मासे, बेडूक व पाणकिडे हे तिचे भक्ष्य होय. तिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय असते. त्यामुळे कमी पाण्यात, चिखलातसुद्धा ती तग धरते. बाजारात ती जिवंत ठेवता येते, काटे कमी असतात व भाव चांगला मिळतो. शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा मानले आहे. म्हणजे मरळ हा मासा वाईट नव्हे. तो चुकीच्या जागी आला, एवढाच त्याचा दोष.

ओढ्यातून, कालव्यातून किंवा तलावातून पंपाने पाणी उचलताना तिची पिले नळावाटे तळ्यात येतात. कधी बोटुकलीच्या पिशवीतच चार-दोन पिले मिसळलेली असतात. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्याचे क्षेत्र सुमारे ९ गुंठे भरते. हेक्टरी ५,००० बोटुकली या प्रमाणाने त्यात ४५० मासे बसतात. कटला, रोहू व मृगळ ४:३:३ या प्रमाणात सोडल्यास कटला १८० आणि रोहू व मृगळ प्रत्येकी १३५ येतात. एवढ्या मोजक्या संख्येत थोड्या मरळी रोज शिकार करू लागल्या, तर हंगामाच्या शेवटी हाती काय उरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

इतर उपाय का चालत नाहीत

तळे रिकामे करणे हा खात्रीचा उपाय खरा. पण बागेचे पाणी सोडून देण्यास सांगोल्याचा कोणता शेतकरी तयार होईल? मोहाच्या पेंडीने नको असलेले मासे मारण्याची रीत जुनी आहे. परंतु ती बोटुकली सोडण्यापूर्वी तळ्याची तयारी करताना वापरावयाची असते. मासे सोडल्यावर पेंड टाकल्यास शत्रूबरोबर धनही जाईल. ओढजाळे फिरविले तर मरळ जाळ्याखालून निसटते किंवा वरून उडी मारते. तेव्हा एक-एक मरळ निवडून काढणारा गळ हेच साधन उरते.

येथे प्रश्न येतो आमिषाचा. आपल्याकडे गळास जिवंत गांडूळ किंवा बेडकी लावण्याचा प्रघात आहे. शेततळ्यात तो दोन कारणांनी गैरसोयीचा ठरतो. तळाशी चरणारी मृगळ स्वस्थ पडलेले गांडूळ सहज उचलते. म्हणजे ज्यास वाचवावयाचे तोच मासा गळाला लागतो. दुसरे असे की, गांडूळ व बेडूक हे दोघेही शेतकऱ्याचे चाकर आहेत. एक जमीन भुसभुशीत करतो, दुसरा पिकावरील कीड खातो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली, ती उगाच नव्हे.

कृत्रिम गांडूळ

अमेरिकेतील नद्या व तळ्यांत बास नावाचा मोठ्या तोंडाचा शिकारी मासा आहे. मरळीप्रमाणेच तो आडोशास दबून बसतो व समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. त्याच्या शिकारीसाठी ओहायो राज्यातील ॲक्रन गावच्या निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. पुढे त्याचा प्रसार जगभर झाला आणि आज मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते आपल्याकडेही मिळते. साधन तेवढे घ्यावे. बास मासा मात्र आपल्या पाण्यात कोणी आणू नये. १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, तलावातलावांत कशी माजली हे सर्वांनी पाहिलेच आहे.

हे गांडूळ ज्या गळावर चढवितात, त्याच्या मानेवर शिशाची गोळी ओतलेली असते. दुकानदार त्यास ‘जिग हेड’ म्हणतात. आपण शिसेमाथ्याचा गळ म्हणू. दोरा बांधण्याची नेढी गोळीच्या वरच्या बाजूस असल्यामुळे पाण्यात ओढताना गळाचे टोक आकाशाकडे राहते व गोळी खाली राहते. खडकाळ तळाशी गळ अडकू नये म्हणून ही योजना केलेली असते. कागदाच्या तळ्यात तिचे महत्त्व अधिकच आहे, कारण तेथे टोक खाली असणे म्हणजे कागदास भोक पडण्याची भीती.

शिवाय हे आमिष हलविले तरच जिवंत वाटते. स्वस्थ पडले तर त्यास वास नाही, चव नाही. पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाणारी कटला किंवा तळाचा गाळ चिवडणारी मृगळ त्याच्या मागे सहसा धावत नाही; मरळ धावते. निवड आपोआप होते, हाच या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

साहित्य व जोडणी

गांडूळ ७ ते १० सेंटिमीटर लांबीचे आणि शिसेमाथा ३ ते ५ ग्रॅमचा पुरे. तंगूस ६ ते ८ किलो वजन पेलणारा असावा. काठी लवचीक व शक्य तर चकरीची घ्यावी. गळाच्या टोकाजवळील उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. त्यामुळे चुकून लागलेला रोहू इजा न होता सोडता येतो.

गळाचे टोक गांडुळाच्या तोंडात मधोमध खुपसून, गळाच्या वाकाइतके आत सरकवून वर काढावे. गांडूळ सरळ बसले पाहिजे. वाकडे बसल्यास ते पाण्यात गरगर फिरते व मासा बिचकतो. कागदाच्या तळ्यासाठी आणखी एक दक्षता घ्यावी. बाहेर आलेले टोक किंचित मागे घेऊन गांडुळाच्याच पाठीत हलके दडवून ठेवावे. मरळीच्या जबड्याचा दाब पडला की मऊ प्लास्टिक दबते व टोक उघडे होते. कागदास मात्र ते टोचत नाही.

शिशाची गोळी दाताने दाबू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज तंबाखू किंवा भाकरी तोंडात घालू नये. शिसे हे विष आहे.

गळ टाकण्याची रीत

वेळ सकाळची किंवा सायंकाळची निवडावी. प्रथम काठावर निश्चल बसून पाणी निरखावे. मरळ श्वासासाठी मधून मधून वर येते आणि एकच ‘गुबुक’ असा आवाज करून खाली जाते. सगळेच मासे एकदम पाण्यावर तोंडे काढून धापा टाकीत असतील, तर ती मरळ नव्हे. पाण्यातील प्राणवायू घटल्याची ती खूण आहे. अशा वेळी गळ बाजूस ठेवून तळ्यात ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने तेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे.

मरळ जेथे दिसली त्याच्या थोडे पलीकडे गळ टाकावा. गोळीच्या वजनाने तो खाली जाऊ द्यावा. मग काठीचे टोक हातभर उचलावे व पुन्हा हळूहळू खाली आणावे. गांडूळ वर उठते, लहरत खाली बसते. बहुतेक वेळा मासा ते खाली जात असताना धरतो. हातास झटका जाणवेलच असे नाही; तंगूस बाजूस सरकला किंवा एकाएकी सैल पडला तरी तीच खूण समजावी व काठी चटकन उचलावी. मासा दमवून काठाशी आणावा आणि लांब दांड्याच्या हातजाळीत घ्यावा. गळासकट कागदावरून फरफटत वर ओढू नये.

सामूहिक तळ्यास बहुधा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद असतो. एका भोकातून झिरपणारे पाणी उन्हाळ्यात बागेच्या तोंडचे पाणी असते. गळ कागदात अडकलाच, तर जोराने हिसडा देऊ नये. तंगूस कापून टाकावा आणि पाणी त्या पातळीखाली उतरल्यावर गळ काढून भोकावर जोड बसवून घ्यावा. गांडुळाचे तुटलेले तुकडे गोळा करून घरी न्यावेत. ते कुजत नाहीत, मासे ते गिळतात.

जीव सांभाळून

ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा अशा तळ्यातून स्वतःच्या बळावर बाहेर येऊ शकत नाही. म्हणून गळ टाकणाराने भरावाच्या माथ्यावरच उभे राहावे, उतारावर पाऊल ठेवू नये. सोबत दुसरा माणूस असावा. गाठी मारलेला दोरखंड खुंटीस बांधून पाण्यात सोडलेला असावा व हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी. तळ्यास कुंपण घालावे. मुलांना एकटे गळ टाकण्यास कदापि पाठवू नये. एका मरळीपायी घरचा दिवा विझावा, असे कोणतेही उत्पन्न नाही.

तळ्यात वेगळे, तलावात वेगळे

पावसाळ्यात मरळीची जोडी पाणवनस्पतींत घरटे करून अंडी घालते व पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर तरंगताना दिसतो. आपल्या शेततळ्यात असा पुंजका दिसल्यास तो बारीक जाळीने उचलून काढावा. परंतु नदी, ओढा किंवा सार्वजनिक तलाव येथे राखणीवरील जोडीस हात लावू नये. आईबाप गेले की इतर मासे सारी पिले खाऊन टाकतात. सार्वजनिक तलावातील मासेमारीचा हक्क बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. संस्थेच्या अनुमतीखेरीज तेथे गळ टाकणे योग्य नव्हे.

गळाने तळे एका दिवसात निर्मळ होत नाही. धरलेली प्रत्येक मरळ, तिची लांबी व दिनांक वहीत नोंदवावा. नोंदी विरळ होत गेल्या व खाद्यावरची खळबळ पुन्हा दिसू लागली, म्हणजे उपाय लागू पडला असे समजावे. पुढील वर्षासाठी मात्र दार आधीच बंद करावे. पाणी घेण्याच्या नळाच्या तोंडास बारीक जाळी बांधावी, बोटुकली परातीत ओतून पारखून घ्यावी आणि उन्हाळ्यात तळे आटले असता तळ पूर्ण सुकू द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या शेततळ्यावर सायंकाळी चार शेतकऱ्यांना जमवून हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. खर्च थोडा आहे, शिकण्यास अवघडही नाही. धरलेली मरळ त्याच दिवशी बाजारात पैसा देते आणि उरलेला रोहू-कटला हंगामाच्या शेवटी देतो. बागेचे पाणी कागदात आणि मासे पाण्यात सुखरूप राहिले, म्हणजे शेततळ्याचे सार्थक झाले.