गॅरेजची खोली करताना विजेची फेरमांडणी

बंगल्याचे गॅरेज बांधताना विजेचा विचार सगळ्यात शेवटी होतो. छताला एक ट्यूबलाइट, शटरच्या वर बाहेरच्या बाजूला एक दिवा आणि कोपऱ्यात पाच अँपियरचा एखादा प्लग एवढ्यावर काम भागवलेले असते. ही तीन पॉइंटची वायरिंगही बहुतेक वेळा घराच्या दिव्यांच्या सर्किटमधूनच पुढे ओढलेली असते. जुन्या बंगल्यांत त्यात अर्थिंगची तारही सापडत नाही. फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा असतात. पुढे कधीतरी गाडी बाहेर जाते आणि त्या जागेत दवाखाना, शिकवणीचा वर्ग, शिलाईकाम, घरून कामासाठी ऑफिस किंवा जिना चढू न शकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी खोली होते. फरशी, खिडकी, रंग यांवर खर्च होतो, पण वीज मात्र त्याच एका प्लगमधून पुढे नेली जाते. खोली झाल्यावर उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते. गॅरेजची वायरिंग वाढवायची नसते, ती काढून मेन बोर्डापासून नवी करायची असते.

त्याआधी जुन्या जागेत काय काय आहे हे शोधावे लागते. गॅरेज ही घराच्या विजेच्या वाटेवरची जागा असते. वीजमीटर आणि मेन स्विच पुष्कळदा तिथल्याच भिंतीवर असतात. जमिनीखालच्या टाकीच्या पंपाचा स्टार्टर, फाटकाचा दिवा, दारावरची घंटा, सीसीटीव्ही यांच्या तारा तिथून जातात. इन्व्हर्टरही तिथेच ठेवलेला असतो. एकेक एमसीबी किंवा फ्यूज बंद करून कोणता पॉइंट कशावर चालतो हे तपासायचे आणि ते कागदावर उतरवायचे, हे पहिले काम. ते न करता भिंत फोडली की पाण्याचा पंप बंद पडल्यावर वायरमनला पुन्हा बोलवावे लागते.

मीटर हलवणे हे घरमालकाच्या किंवा वायरमनच्या अधिकारातले काम नाही. त्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो आणि मीटर कंपनीचेच कर्मचारी हलवतात. मीटर जागेवरच ठेवायचा असेल तर तो कपाटाच्या मागे किंवा कुलूपबंद खोलीत जाऊन चालत नाही, कारण वाचनासाठी आणि तपासणीसाठी तिथे पोहोचता आले पाहिजे. अर्थिंगचा खड्डाही बहुधा गॅरेजच्या आसपास अंगणात असतो. फरशी बसवताना तो बुजवण्याचा मोह होतो. खड्ड्यावर झाकण ठेवून तो उघडता येईल असाच ठेवावा, कारण उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि तिथे पाणी घालावे लागते. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. शटरच्या फटींतून वारा खेळत असताना ते खपून जात होते. तीच बॅटरी खिडक्या लावून झोपायच्या खोलीत ठेवणे योग्य नाही. तिला हवेशीर जागा शोधावी लागते.

परवानगीचा प्रश्न विजेच्याही आधीचा आहे. पार्किंगची जागा बांधकाम नियमांत साधारणपणे चटईक्षेत्रात धरलेली नसते, त्यामुळे तिची खोली करायची तर पालिकेची मंजुरी लागते. गृहनिर्माण संस्थेतल्या इमारतीखालच्या पार्किंगची गोष्ट आणखी वेगळी: ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. तिथे खोली करण्याचा विचार सोडून दिलेलाच बरा.

आता भाराचा हिशेब. घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. ६ अँपियरच्या सॉकेटवर साधारण १३८० वॅट आणि १६ अँपियरच्या सॉकेटवर ३६८० वॅट एवढाच भार चालतो. संगणक, पंखा, एलईडी दिवे, मोबाइल चार्जर हे सगळे मिळूनही ५०० वॅटच्या आत राहतात. पण २००० वॅटची इंडक्शन शेगडी एकटीच जवळजवळ ९ अँपियर घेते, गीझरही तेवढाच. दीड टनी एसी, इस्त्री, दवाखान्यातले निर्जंतुकीकरणाचे यंत्र यांना प्रत्येकी १६ अँपियरचा पॉइंट हवा. एसी आणि गीझर यांचे तर सर्किटच स्वतंत्र असले पाहिजे. सगळ्यांची बेरीज करून ती वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराशी ताडून पाहावी. बेरीज जास्त होत असेल तर भारवाढीचा अर्ज काम सुरू होण्याआधी करावा, कारण मीटरपासूनची मुख्य केबल बदलावी लागली तर ती शेवटी बदलणे महागात पडते.

तारेचा आकार या हिशेबावरून ठरतो. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, सॉकेटना २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ही सर्वसाधारण पद्धत आहे. अंतर जास्त असेल तर आकार वाढवावा लागतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून १६ अँपियर प्रवाह २५ मीटर नेला तर सुमारे ७ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून घरापासून सुटे असलेल्या गॅरेजसाठी मेन बोर्डापासून ६ चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून जाड केबल टाकून गॅरेजमध्ये छोटा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड बसवतात. ही केबल अंगणातून जमिनीखालून न्यायची असेल तर ती आर्मर्ड असावी, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा घालून पुरावी. एरवी कुंड्यांची जागा बदलताना कुदळीचा घाव थेट तिच्यावर बसतो.

एमसीबी तारेच्या मापाने निवडतात, उपकरणाच्या मापाने नाही, कारण एमसीबीचे काम तार वाचवण्याचे आहे. १.५ च्या तारेला ६ किंवा १०, २.५ च्या तारेला १६, ४ च्या तारेला २० किंवा २५ अँपियर. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे हा वायरमनच्या हातून सर्रास होणारा गुन्हा आहे. त्यानंतर एमसीबी पडत नाही, तार जळते.

माणूस वाचवण्याचे काम आरसीसीबीचे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे तो कुठेतरी गळतो आहे, हे ओळखून ती वीज तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरगुती जोडणीत ही गळतीची मर्यादा ३० मिलीअँपियर आहे. गॅरेजची जमीन अनेकदा अंगणाच्या पातळीची, पावसात ओल धरणारी असते, त्यामुळे इथे आरसीसीबीला पर्यायच नाही. मात्र ती बसवल्याबरोबर जुन्या वायरिंगचे दोष बाहेर येतात. गॅरेजच्या दिव्याचा फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल शेजारच्या किंवा इन्व्हर्टरच्या सर्किटचा, असा घोळ वर्षानुवर्षे निमूट चाललेला असतो. आरसीसीबी तो एक दिवसही खपवून घेत नाही. अशा वेळी आरसीसीबी खराब आहे असे म्हणून ती काढली जाते. खरे तर न्यूट्रल वेगळे करायला हवे असतात.

१९७०-८० च्या दशकांतल्या काही घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. त्यांना नवी तांब्याची तार पिळून जोडली तर ओल लागून सांधा गंजतो, सैल होतो आणि तापतो. लाकडी पट्टीवरच्या, रबराचे वेष्टन असलेल्या त्याहून जुन्या तारांचे वेष्टन तर हात लावताच तुटते. दोन्ही बाबतींत जुन्या तारेवर नवे काम चढवू नये.

पॉइंटची जागा ठरवण्याआधी खोलीतले सामान कुठे बसणार ते ठरवावे. चुन्याने जमिनीवर टेबल, पलंग, कपाट आखून घेतले तरी पुरते. आपल्याकडे स्विचबोर्ड दाराशी, खांद्याच्या उंचीवर आणि सॉकेटही त्याच बोर्डावर, अशी जुनी रीत आहे. त्यामुळे संगणकाची वायर भिंतीवरून लोंबत येते आणि मग एक्स्टेन्शन बोर्ड आयुष्यभर जमिनीवर पडून राहतो. टेबलासाठीची सॉकेट टेबलाच्या पृष्ठभागाच्या वर, जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास, आणि एकाऐवजी चार-पाच असावीत. पलंगाशी दिव्याचा टू-वे स्विच हवा. फरशीलगतची सॉकेट दिसायला नीटस वाटतात, पण ज्या गॅरेजमध्ये पावसाळ्यात एकदा जरी पाणी शिरले असेल तिथे कोणतेही सॉकेट दीड फुटाच्या खाली नको. बेसिन किंवा मोरी करायची असेल तर त्यापासून सॉकेट दूर ठेवावे. बाहेरच्या भिंतीवर गाडी धुण्याच्या यंत्रासाठी सॉकेट हवे असेल तर झाकणाचे, पाण्याला दाद न देणारे घ्यावे. विजेवरची गाडी यापुढे अंगणात उभी राहणार असेल तर तिच्या चार्जिंगचे सर्किट याच कामात बाहेर काढून ठेवावे. तो भार तासन्‌तास सलग चालतो. त्याच्या सर्किटमध्ये दुसऱ्या कशाला वाटा देता येत नाही.

भिंतीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. गॅरेजच्या भिंती बऱ्याचदा अर्ध्या विटेच्या, म्हणजे ११५ मिलिमीटर जाडीच्या असतात. भिंतीत पाडायचा उभा चर जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवा चर एक षष्ठांशाहून खोल नसावा असा बांधकामातला संकेत आहे. ११५ मिलिमीटरच्या भिंतीत ते अनुक्रमे ३८ आणि १९ मिलिमीटर होते. म्हणजे २० मिलिमीटरचा पाइप आडवा पुरताच येत नाही. त्यामुळे पाइप छताजवळून फिरवून प्रत्येक पॉइंटला सरळ वरून खाली उतरवतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंतीत चर पाडणे म्हणजे चिरा वेडावाकडा फुटण्याला आमंत्रण. तिथे बाहेरून पीव्हीसीची केसिंग पट्टी लावणे अधिक शहाणपणाचे. पट्टी डोळ्यांना खुपते हे खरे, पण पुढची दुरुस्ती सोपी होते. शटरच्या जागी येणारी नवी भिंत ही सर्वांत सोयीची, तिच्यात बांधकाम चालू असतानाच पाइप आणि बॉक्स बसवता येतात. जास्तीत जास्त पॉइंट त्या बाजूला घेतले तर तोडफोड कमी होते.

कामाचा क्रम असा: नवे बांधकाम, मग पाइप आणि बॉक्स, मग प्लास्टर, फरशी, रंगाचा पहिला हात, त्यानंतर तारा ओढणे आणि शेवटी स्विच-सॉकेट. पाइपमध्ये तारा ठासून भरू नयेत, निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहावी. तारेचा सांधा भिंतीच्या आत कुठेही नको; तो बॉक्समध्येच, झाकण उघडून हाती येईल असा हवा. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा रंग ही भारतातली पद्धत शेवटच्या पॉइंटपर्यंत पाळावी. किनाऱ्याकडच्या दमट हवेत लोखंडी बॉक्स गंजतात, तिथे पीव्हीसीचे टिकतात. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवावेत. पुढे चित्र टांगण्यासाठी ड्रिल मारताना ते उपयोगी पडतात.

सगळे जोडून झाल्यावर चाचणी. स्विच फेजवर आहे ना, समोरून पाहता सॉकेटच्या उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वर अर्थ आहे ना, हे प्रत्येक पॉइंटवर पाहिले जाते. उपकरणे काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने तारांच्या वेष्टनाचा रोध मोजतात. तो किमान १ मेगाओहम असावा. मग अर्थिंग तपासले जाते आणि आरसीसीबीचे बटण दाबून ती पडते का ते पाहतात. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घेऊन त्याचा चाचणी अहवाल मागून घ्यावा. भारवाढीसाठीही तो लागतो.

खोलीत व्यवसाय होणार असेल तर वीजदराचा प्रश्न येतो. घरगुती म्हणून मंजूर असलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांच्या दर आदेशांत, महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराच्या एका भागातल्या छोट्या व्यवसायाला घरगुती दराची मुभा दिलेली आहे. त्याहून जास्त वापर होणार असेल तर मेन बोर्डाचे काम चालू असतानाच त्या खोलीसाठी स्वतंत्र मीटरचा अर्ज करावा.