पदवी अभ्यासक्रमातील सामान्य शिक्षण : तंजावरचे दोन धडे

विद्यापीठीय पदवी ही एखाद्या विषयातील प्रावीण्याची पावती असावी, की सुजाण नागरिक म्हणून जगण्याची पूर्वतयारी असावी, हा उच्च शिक्षणातील जुना प्रश्न आहे. ‘सामान्य शिक्षण’ ही संकल्पना या प्रश्नातूनच पुढे आली. विद्यार्थ्याचा मुख्य विषय कोणताही असो. भाषा, समाज, निसर्ग, विज्ञान आणि मूल्ये यांचा किमान परिचय प्रत्येक पदवीधरास असावा, हे तिचे सूत्र होय. या सूत्राचे सामर्थ्य आणि त्यातील धोका या दोहोंची उदाहरणे तंजावर परिसराच्या इतिहासात सापडतात.

प्रथम या सूत्राची आजची गरज पाहू. तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचा जिल्हा आहे. कावेरी पाणीवाटपासाठी १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ टीएमसी ठरविला. पुढे २०२० मध्ये राज्य शासनाने कायदा करून या त्रिभुज प्रदेशास संरक्षित विशेष कृषिक्षेत्राचा दर्जा दिला. हा एकच विषय समजून घेण्यासाठी जलशास्त्र, भूगर्भशास्त्र, राज्यघटना, अर्थशास्त्र आणि इतिहास यांची जाण लागते. केवळ रसायनशास्त्र किंवा केवळ वाणिज्य शिकलेल्या पदवीधराला आपल्याच गावचा प्रश्न पूर्णपणे उलगडत नाही.

सरफोजीराजांचा प्रयोग

पहिला धडा मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजीराजे (दुसरे) यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. त्यांचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला; राजांकडे तंजावरचा किल्ला, तनखा आणि महसुलातील हिस्सा एवढेच उरले. हाती उरलेल्या या साधनांचा मोठा भाग त्यांनी विद्येसाठी वापरला. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहाला त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव प्राप्त करून दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांशेजारी युरोपीय भाषांतील हजारो मुद्रित ग्रंथ तेथे आले. ‘नवविद्या कलानिधी’ या नावाने त्यांनी शाळा व छापखाना चालविला. याच छापखान्यात इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ देवनागरी लिपीत छापला गेला. वैद्यकाच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल होता.

विशेष लक्षणीय आहे ते त्यांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार असून भविष्य सांगणारी कुरत्ती ही त्यातील प्रमुख पात्र असते. राजांनी या परिचित साच्यातून जगाचा भूगोल सांगितला. नवे ज्ञान ओळखीच्या भाषेत आणि ओळखीच्या रूपात मांडावे, हे सामान्य शिक्षणाच्या अध्यापनाचे तत्त्व या नाटकात प्रत्यक्ष दिसते. या प्रयोगाची मर्यादाही नोंदविली पाहिजे : तो राजाश्रयावर उभा होता, सर्वांच्या हक्कावर नव्हे.

कुंभकोणमचा इशारा

दुसरा धडा तंजावर जिल्ह्यातीलच कुंभकोणमचा आहे. तेथील शासकीय महाविद्यालयात १९०४ मध्ये श्रीनिवास रामानुजन शिष्यवृत्तीवर दाखल झाले. त्या काळच्या एफ.ए. परीक्षेत गणिताबरोबर इंग्रजी, इतिहास, शरीरशास्त्र असे विषय होते आणि सर्वांत उत्तीर्ण होणे अनिवार्य होते. रामानुजन इंग्रजीत अनुत्तीर्ण झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात शिकूनही ते एफ.ए. उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. हेच रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या घटनेवरून ‘मुख्य विषय सोडून बाकी सर्व विषय निरर्थक’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दोष विषयांच्या विविधतेचा नव्हता. त्या विविधतेचा उपयोग विद्यार्थ्याला गाळण्यासाठी केला गेला, हा खरा दोष होता. एका विषयातील अपयशाने अन्य विषयातील असामान्य यशही शून्यवत ठरत होते. शिवाय शिष्यवृत्ती जाण्याची झळ गरीब विद्यार्थ्यालाच सर्वाधिक बसत होती.

आयोग ते श्रेयांक

स्वतंत्र भारतात डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) अकाली विशेषीकरणाचे दोष दाखवून पदवी स्तरावर सामान्य शिक्षणाची शिफारस केली. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये, तर हार्वर्डच्या समितीने १९४५ च्या अहवालात हीच दिशा धरली होती. भारतात हा विचार पुढे वेगवेगळ्या नावांनी आला. मुंबई विद्यापीठातील ‘फाउंडेशन कोर्स’ त्यांपैकीच एक. पर्यावरण शिक्षणाचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयातून आला आणि २००३ च्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यासक्रम अनिवार्य केला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक आवश्यक आहेत. त्यांपैकी बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांना ९, भाषांसह क्षमतावर्धनास ८, कौशल्यवर्धनास ९ आणि मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना ६ ते ८ श्रेयांक आहेत. ही बेरीज ३२ ते ३४ होते. म्हणजे पदवीचा चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग मुख्य व दुय्यम विषयांच्या बाहेरचा आहे. बारावीला शिकलेला विषय बहुविद्याशाखीय गटात पुन्हा घेता येत नाही.

तमिळनाडूने राष्ट्रीय धोरणाशी, विशेषतः त्रिभाषा सूत्राशी, असलेला मतभेद स्पष्टपणे मांडला आहे. तथापि तेथील विद्यापीठांच्या पदवी रचनेतही मुख्य विषयाबरोबर तमिळ वा अन्य भाषा, इंग्रजी, मुख्य विषयाबाहेरील ऐच्छिक विषय, पर्यावरण, मूल्यशिक्षण आणि विस्तारकार्य यांना स्थान आहे. धोरणाविषयी मतभेद असले तरी सामान्य शिक्षणाच्या गरजेविषयी मोठे मतैक्य आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

श्रेयांक पद्धतीचा लाभ रामानुजन यांच्या उदाहरणावरून समजतो. मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खाती जमा राहतात. २०२१ पासूनच्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची कल्पना हीच आहे. एका विषयात अडखळल्याने उरलेली कमाई बुडत नाही. मात्र त्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यावीच लागते आणि शिष्यवृत्तीच्या अटी कठोर असतील तर जुना अन्याय नव्या रूपात परत येऊ शकतो.

खर्च कोणी उचलावा?

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मधील ‘ह्युमन कॅपिटल’ या ग्रंथात सामान्य आणि विशिष्ट प्रशिक्षण असा भेद केला. विशिष्ट प्रशिक्षण एकाच उद्योगात उपयोगी पडते, म्हणून त्याच्या खर्चात उद्योजक वाटा उचलतो. सामान्य प्रशिक्षण घेतलेला कामगार दुसरीकडेही जाऊ शकतो. म्हणून त्याचा खर्च करण्यास उद्योजक राजी नसतो. हा भार शिकणाऱ्यावरच पडतो. गरीब कुटुंबाला तो पेलत नाही आणि त्यासाठी कर्ज मिळणेही कठीण असते. याउलट विचारी नागरिकाचा लाभ साऱ्या समाजाला होतो. अर्थशास्त्रात यालाच धनात्मक बाह्यता म्हणतात. म्हणूनच सामान्य शिक्षणासाठी सार्वजनिक खर्चाचे समर्थन भक्कम आहे.

हा खर्च केवळ कागदावर वाढवता येत नाही. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे अध्यापन. ९ श्रेयांकांसाठी १३५ तास लागतात. त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक, मातृभाषेतील चांगली पाठ्यपुस्तके आणि ग्रंथालय हवे. रिक्त पदे तशीच ठेवून मुख्य विषयाच्या शिक्षकाकडे उरलेले तास सोपविले, तर हे अभ्यासक्रम हजेरीपुरते उरतात. लहान गावातील महाविद्यालयात पर्यायांची यादी मोठी, पण शिकविणारा एकच, अशी स्थिती झाल्यास निवडीचे स्वातंत्र्य नाममात्र ठरते.

समारोप

सरफोजीराजांचा प्रयोग सांगतो की विविध विद्यांचा संगम आपल्या भाषांतून घडू शकतो. रामानुजन यांचा अनुभव सांगतो की हाच संगम अडथळ्यांची शर्यतही बनू शकतो. या दोन शक्यतांपैकी कोणती प्रत्यक्षात येईल, हे विषयांच्या यादीपेक्षा मूल्यमापनाची पद्धत, शिक्षकांची उपलब्धता आणि सार्वजनिक निधी यांवर अवलंबून आहे. स्पर्धा परीक्षांचे ‘सामान्य अध्ययन’ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे विशेष आस्थेने पाहावे. पदवीच्या तीन वर्षांत जे रुजायला हवे होते, तेच अनेकांना पदवीनंतर शुल्क भरून खासगी वर्गांत शिकावे लागते. हा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयातील सामान्य शिक्षण हीच समान संधीची पहिली पायरी आहे.